ल्युपसचे निदान आणि उपचार: पहिल्या संशयापासून औषधे कमी करण्यापर्यंत

ल्युपसचा रुग्ण सगळी लक्षणे एकदम घेऊन डॉक्टरांसमोर क्वचितच येतो. आधी बोटांचे सांधे आखडतात म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडे, मग गालांवर पुरळ उठते म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे, पुढे वर्षभराने दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येते म्हणून आणखी कोणाकडे, असा त्याचा, आणि बहुतेक वेळा तिचा, प्रवास होतो. प्रत्येक ठिकाणी त्या त्या तक्रारीपुरते औषध मिळते, तक्रार शमते आणि कागद घरात पडून राहतात. हेच कागद तारखेच्या क्रमाने एकत्र मांडले की अनेकदा निदान त्यांतूनच वर येते. ‘ही चाचणी केली आणि उत्तर मिळाले’ अशी एकही चाचणी ल्युपससाठी नाही. पुरावे जुळवून निदान करावे लागते आणि उपचारही पुढे अनेक वर्षे मोजत, नोंदवत चालवावे लागतात. पुढील मांडणी रुग्णांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि या आजाराशी रोजचा संबंध न येणाऱ्या डॉक्टरांना उपयोगी पडावी अशा बेताने केली आहे. औषधांच्या मात्रा केवळ समजून घेण्यासाठी दिल्या आहेत; त्या ठरवण्याचे काम संधिवाततज्ज्ञांचे, आणि मूत्रपिंडाचा प्रश्न असेल तर त्यांच्या जोडीला मूत्रपिंडतज्ज्ञांचे आहे.

आजाराची ओळख, गरजेपुरती

लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरच्या व्रणांवरून पडलेले हे नाव थोडे दिशाभूल करणारेच आहे, कारण पुष्कळ रुग्णांच्या चेहऱ्यावर कधीच काही उठत नाही. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. यात रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. या प्रतिपिंडांची त्या घटकांशी गाठ पडून तयार होणारे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळण्यांत, त्वचेत आणि इतरत्र अडकतात, तिथे दाह सुरू होतो आणि त्या झटापटीत रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने खर्ची पडतात. एवढी यंत्रणा लक्षात ठेवली की पुढच्या बहुतेक चाचण्यांचा अर्थ लागतो: केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधायची, कॉम्प्लिमेंटची पातळी घटली आहे का ते पाहायचे आणि गाळणी गळू लागली आहे का ते लघवीत तपासायचे.

प्रौढ रुग्णांमध्ये दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा १५ ते ४५ या वयात सुरू होतो. पुरुषांना, मुलांना आणि वृद्धांनाही तो होतो. त्यांच्यात तो डोक्यात येत नाही म्हणून उशिरा सापडतो, एवढेच. हा आजार संसर्गजन्य नाही आणि तो कर्करोगही नाही.

पायरी पहिली: तारखांचा कागद

तज्ज्ञांना भेटण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर डावीकडे महिना आणि वर्ष, मध्ये तक्रार आणि उजवीकडे त्या वेळी घेतलेले औषध असे तीन रकाने करावेत. मागच्या पाच-सात वर्षांतील पुढील गोष्टी आठवून त्यात भराव्यात: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारी बोटांची आखड, कारण न सापडलेला ताप, उन्हात गेल्यानंतर उठलेले पुरळ, तोंड येणे, केस मूठमूठ गळणे, थंडीत बोटे पांढरी आणि मग निळी पडणे, श्वास घेताना किंवा आडवे पडताना छातीत दुखणे, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, फिट येणे, रक्ताची गुठळी, गर्भपात आणि विशेषतः दहाव्या आठवड्यानंतर झालेली गर्भहानी. घरात कोणाला ल्युपस, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार किंवा तशाच प्रकारचा दुसरा आजार असेल तर तेही लिहावे. पुरळ आणि सांध्यांची सूज यांची छायाचित्रे दिसताक्षणी काढून ठेवावीत, कारण भेटीच्या दिवशी त्वचा हटकून स्वच्छ असते.

उजवीकडचा रकाना अनेक जण मोकळा सोडतात. काही औषधांमुळेच ल्युपससारखा आजार होतो: रक्तदाबासाठीचे हायड्रालाझिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे प्रोकेनामाइड, क्षयरोगासाठीचे आयसोनियाझिड, मुरुमांसाठीचे मिनोसायक्लिन आणि संधिवातातील टीएनएफ-रोधक (टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन अडवणारी) औषधे ही त्यांतली ठळक नावे होत. असे औषध थांबवल्यावर तक्रारी बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात आणि जन्मभराचे लेबल टळते. क्षयरोगाचे औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

पायरी दुसरी: शरीर नीट पाहणे

गालांवरचे फुलपाखरासारखे पुरळ सर्वांना ठाऊक असते, पण लाल दिसणारा प्रत्येक गाल ल्युपसचा नसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणारी जी घडी असते, ती ल्युपसच्या पुरळात बहुधा कोरी राहते. तिथेच तेलकट पापुद्रे असतील तर सेबोऱ्हिक त्वचादाहाचा आणि पुवाळलेल्या बारीक पुळ्या असतील तर रोझेशियाचा विचार करावा. हातांची पाठही अशीच बोलकी असते. ल्युपसचे पुरळ बोटांच्या सांध्यांच्या मधल्या भागावर उठते आणि सांध्यांवरची त्वचा सोडते. डर्मॅटोमायोसायटिस या स्नायूंच्या आजारात नेमके उलट होते, तिथे सांध्यांवरच लालसर उंचवटे येतात.

तोंड टॉर्च लावून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. ल्युपसचे व्रण अनेकदा टाळूवर असतात आणि दुखत नाहीत, त्यामुळे ‘तोंड येते का?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि एक महत्त्वाचा पुरावा हातचा जातो. कपाळाच्या कडेला तुटलेले आखूड केस, कानाच्या पाळीच्या खळग्यात किंवा डोक्यावरच्या केसांत असणारे जाडसर, मध्ये वण ठेवणारे चट्टे, म्हणजे डिस्कॉइड ल्युपस, हेही मुद्दाम शोधावे लागते. बोटे वाकडी झालेली दिसली आणि ती हाताने सरळ करता आली, तर तो ल्युपसमधील सांध्यांभोवतालच्या ऊतींचा सैलपणा असू शकतो. संधिवाताभ आजारात हाडेच झिजलेली असल्याने बोटे अशी सरळ होत नाहीत.

शेवटी रक्तदाब मोजावा. विशीतल्या मुलीचा रक्तदाब १५०/९५ भरला तर ‘घाबरली असेल’ म्हणून तो सोडून देऊ नये, त्याच दिवशी लघवी तपासावी.

पायरी तिसरी: लघवी, आणि तीही आधी

माझ्या मते या आजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी हीच आहे. मूत्रपिंडाचा ल्युपस सुरुवातीला दुखत नाही, ताप आणत नाही आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) पुष्कळ काळ सामान्य ठेवतो. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबणे म्हणजे मूत्रपिंडाचा बराच भाग गमावून बसणे. लघवीवर येणारा आणि बराच वेळ न विरणारा दाट फेस ही रुग्णाला सुरुवातीला दिसू शकणारी मुख्य खूण, पण प्रथिने कमी प्रमाणात जात असतील तर तीही दिसत नाही.

म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यावा. स्त्रियांनी पाळीचे दिवस टाळावेत, अन्यथा रक्तपेशींचा अर्थ लावता येत नाही. पट्टीवर प्रथिने किंवा रक्त दिसले तर तेवढ्यावर न थांबता दोन गोष्टी मागाव्यात. पहिली म्हणजे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर; ते ०.५ च्या वर असेल तर दिवसाला साधारण अर्धा ग्रॅमहून अधिक प्रथिने वाहून जात आहेत असे समजावे. दुसरी म्हणजे ताज्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी. तांबड्या पेशींच्या नळ्यांसारख्या लगडी त्यात दिसल्या, तर रक्त मूत्राशयातून नव्हे, थेट गाळणीतूनच येत आहे हे कळते. नमुना तासन्‌तास पडून राहिला की या लगडी विरघळतात, आणि ‘काही आढळले नाही’ असा अहवाल येतो.

पायरी चौथी: रक्ताच्या चाचण्या, योग्य क्रमाने

प्रथम साध्या चाचण्या कराव्यात. रक्तपेशींची मोजणी पुष्कळ सांगते: पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, किंवा हिमोग्लोबिन घटलेले आणि कूम्ब्ज चाचणी सकारात्मक, म्हणजे तांबड्या पेशी आपल्याच प्रतिपिंडांमुळे फुटत आहेत. सोबत क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, आणि शरीरातला दाह मोजणाऱ्या ईएसआर व सीआरपी या चाचण्या.

त्यानंतर एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे. या चाचणीने जितके रुग्ण सापडले, तितकीच निरोगी माणसे धास्तावली असावीत. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती सकारात्मक असते, त्यामुळे योग्य पद्धतीने केलेली एएनए नकारात्मक आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते. उलट बाजू मात्र खरी नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात निरोगी माणसांपैकी सुमारे ३२ टक्क्यांत १:४० या पातळीला, १३ टक्क्यांत १:८० ला आणि ५ टक्क्यांत १:१६० ला ती सकारात्मक आढळली होती. थायरॉइडचे विकार, यकृताचे दीर्घ आजार, क्षयरोग, कुष्ठरोग, वाढते वय यांतही ती येते. तेव्हा नुसते अंग दुखते म्हणून एएनए करू नये, आणि केलीच असेल तर नुसत्या सकारात्मक अहवालावरून ल्युपस हा शब्द उच्चारू नये. अहवालात पद्धत पाहावी. हेप-२ पेशींवरील इम्युनोफ्लुओरेसन्स ही प्रमाण पद्धत आहे आणि तीत पातळी व नक्षी दोन्ही लिहिलेली असतात. एकदा सकारात्मक आलेली एएनए पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण आजार वाढला की ती वाढते आणि शमला की उतरते असे होत नाही.

एएनए सकारात्मक आणि लक्षणेही जुळणारी असतील तरच पुढे जावे. डीएसडीएनएविरुद्धची, म्हणजे केंद्रकातल्या दुपदरी डीएनएविरुद्धची, प्रतिपिंडे ल्युपससाठी बरीच नेमकी असतात आणि अनेक रुग्णांत आजाराच्या चढउताराबरोबर हलतात. एसएम, म्हणजे केंद्रकातल्या ‘स्मिथ’ नावाच्या प्रथिनांविरुद्धची, प्रतिपिंडे फार थोड्या रुग्णांत सापडतात, पण सापडली तर ती जवळजवळ ल्युपसचीच असतात. आरओ आणि एलए ही प्रतिपिंडे पुढे गर्भारपणात महत्त्वाची ठरतात. सी३ आणि सी४ या कॉम्प्लिमेंटच्या पातळ्या कराव्यात, आणि रक्त गोठवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तिन्ही चाचण्या, म्हणजे ल्युपस अँटीकोअॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, एकत्र कराव्यात. त्यांपैकी कोणतीही सकारात्मक आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून ती टिकून आहे का ते पाहावे, कारण साध्या संसर्गानंतरही ती तात्पुरती उमटते.

पायरी पाचवी: गुण मोजणे

२०१९ साली युरोपीय आणि अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी, म्हणजे युलर आणि एसीआर यांनी, संयुक्त निकष प्रसिद्ध केले. एएनए कधी ना कधी किमान १:८० असावी ही प्रवेशाची अट; ती पूर्ण झाली की प्रत्येक पुराव्याला गुण मिळतात, आणि एकूण १० गुण झाले व त्यांत किमान एक पुरावा लक्षणांचा असला की आजार ल्युपसच्या वर्गात बसतो.

समजा, २६ वर्षांच्या एका स्त्रीची एएनए १:३२० आहे. तिच्या बोटांचे आणि मनगटांचे सांधे सुजलेले आहेत, त्याचे ६ गुण. तोंडात टाळूवर व्रण आहे त्याचे २ आणि केस गळतात त्याचे २. पण हे दोन्ही त्वचा आणि श्लेष्मल आवरण या एकाच गटातले असल्याने बेरीज ४ होत नाही, गटातला सर्वाधिक एकच आकडा, म्हणजे २, धरला जातो. पांढऱ्या पेशी ३,२०० आहेत, त्याचे ३. एकूण ११ झाले. आता लघवीत दिवसाला ०.९ ग्रॅम प्रथिने सापडली तर त्याचे आणखी ४ मिळून १५. आणि बायोप्सीत तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाचा मूत्रपिंडदाह (हे वर्ग पुढे दिले आहेत) दिसला, तर त्या गटाचे ४ जाऊन १० येतात. डीएसडीएनए किंवा एसएम प्रतिपिंडांचे ६, सी३ व सी४ दोन्ही घटल्याचे ४ आणि एकच घटल्याचे ३ असतात. सगळी लक्षणे एकाच वेळी असण्याची गरज नाही, आणि पहिल्या पायरीतल्या कागदाचे मोल इथेच वसूल होते: तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नोंदवलेले सुजलेले सांधे आजही गुण मिळवून देतात.

एक अट मात्र या कोष्टकाइतकीच महत्त्वाची आहे. एखाद्या लक्षणाचे ल्युपसपेक्षा अधिक सयुक्तिक कारण सापडत असेल तर त्याचे गुण धरायचे नाहीत. पार्व्होव्हायरसच्या संसर्गात सांधे सुजतात आणि पेशी घटतात; क्षयरोगात ताप येतो आणि फुप्फुसाभोवती पाणी होते; एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, लिम्फोमा हेही ल्युपसचे सोंग बेमालूम वठवतात. शिवाय हे निकष संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करता यावे म्हणून बनवलेले आहेत. ८ गुणांवर अडलेल्या पण मूत्रपिंडदाह स्पष्ट असलेल्या रुग्णाचा उपचार दोन गुणांसाठी कोणी थांबवत नाही.

मूत्रपिंडाची बायोप्सी

प्रथिने सातत्याने अर्ध्या ग्रॅमच्या वर जात असतील, किंवा क्रिएटिनिन दुसऱ्या कारणाशिवाय वाढत असेल, तर बायोप्सी करावी. बहुतेक कुटुंबे इथे अडखळतात, आणि ते समजण्यासारखे आहे; पण ही तपासणी पाठीची जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, बारीक सुईने केली जाते, आणि त्याआधी रक्तदाब आटोक्यात असल्याची व रक्त नीट गोठत असल्याची खात्री करतात. नंतर काही तास उताणे पडून राहावे लागते आणि लघवीत रक्त येते का ते पाहिले जाते. तिच्याशिवाय आजाराचा वर्ग कळत नाही. एकूण सहा वर्ग आहेत. पहिल्या-दुसऱ्या वर्गाला बहुधा जोरदार औषधे लागत नाहीत, तिसऱ्या-चौथ्याला तातडीने लागतात, पाचव्यात प्रथिनांची गळती मोठी असते आणि सहाव्यात गाळण्या निकामी होऊन गेलेल्या असल्याने कडक औषधांचा उपयोग उरत नाही. लघवीच्या अहवालावरून वर्गाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

उपचाराचा पाया: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ऊन

विशिष्ट कारणाने वर्ज्य नसेल तर ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन द्यावे, याबद्दल आता मतभेद नाहीत. मुळात मलेरियाच्या औषधांच्या कुळातले हे औषध आजाराचे उद्रेक कमी करते, मूत्रपिंडाला जपते, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका घटवते आणि आयुर्मान वाढवते. त्याचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. ‘महिनाभर घेतले, काही फरक नाही’ म्हणून ते सोडणारे रुग्ण थोडे नाहीत. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत असते. वजन ६० किलो असेल तर सरासरी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमची गोळी एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन.

डोळ्यांच्या पडद्यावर होणाऱ्या परिणामाची भीती सर्वांना वाटते. या मात्रेत पहिल्या पाच वर्षांत हा धोका १ टक्क्याहून कमी आणि दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणून पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासून घ्यावेत आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारे स्कॅन) व दृष्टिक्षेत्राची चाचणी करावी. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन सुरू असेल तर वार्षिक तपासणी आधीच सुरू करावी. नुसती चष्म्याच्या नंबरची तपासणी यासाठी पुरत नाही.

उन्हाचा मुद्दा सल्ल्यांच्या यादीत शेवटी टाकला जातो, पण त्याची जागा औषधाशेजारी आहे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातले घटक उघडे पडतात आणि प्रतिपिंडांना नवे लक्ष्य मिळते. त्यामुळे उन्हात घालवलेला एक दिवस काही आठवड्यांनी सांधे आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. एसपीएफ ५० चे, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारे सनस्क्रीन चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते. गाडीत किंवा खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व घटते, ते मोजून भरून काढावे. धूम्रपान थांबवावे, कारण त्वचेच्या ल्युपसमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गुण कमी येतो.

स्टेरॉइड: लवकर चढवायचे, लवकर उतरवायचे

स्टेरॉइडने आग विझते, यात शंका नाही. मूत्रपिंड, मेंदू किंवा रक्तपेशींवर हल्ला झाला असेल तर मेथिलप्रेडनिसोलोन शिरेतून दिवसाला १२५ ते १,००० मिलिग्रॅम असे एक ते तीन दिवस देतात. त्यामुळे नंतरची तोंडी मात्रा कमी ठेवता येते. अडचण सुरू होते ती बरे वाटू लागल्यावर. दिवसाला १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर महिनोन्‌महिने थांबलेला रुग्ण वरवर ठीक दिसतो, पण हाडे ठिसूळ होणे, खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी खचणे, मोतीबिंदू, मधुमेह आणि संसर्ग यांचे खाते वाढतच असते. २०२३ च्या युलर शिफारशींनुसार दीर्घकालीन मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी, आणि शक्य झाल्यास स्टेरॉइड पूर्ण बंद करावे. मात्रा उतरताना आजार पुन्हा डोके वर काढत असेल, तर त्याचा अर्थ स्टेरॉइड वाढवा असा नसून दुसरे औषध जोडण्याची वेळ झाली असा घ्यावा.

गोळी सकाळी खाल्ल्यानंतर घ्यावी आणि एकाएकी कधीही बंद करू नये. काही आठवडे घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे मंदावतात आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी सुरुवातीपासून ठरवून ठेवावी. जांघेत नव्याने सुरू झालेले, चालताना वाढणारे दुखणे हे ‘सांध्यांचेच’ म्हणून सोडू नये; साधा एक्स-रे सुरुवातीला कोरा येतो, एमआरआय लागतो.

पुढची औषधे

कोणत्या अवयवाला झळ लागली आहे त्यावर निवड ठरते. सांधे आणि त्वचा यांसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. ते चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, म्हणून वार ठरवून तो गोळ्यांच्या पाकिटावर लिहून ठेवावा. अॅझाथायोप्रिनपूर्वी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची चाचणी करणे चांगले, आणि युरिक अॅसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट त्याच्या जोडीने दिल्यास पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घसरतात. प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही आणि सुप्त क्षयरोग तपासावेत.

तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या मूत्रपिंडदाहात मायकोफेनोलेट दिवसाला २ ते ३ ग्रॅम, किंवा सायक्लोफॉस्फामाइड दर दोन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम असे सहा वेळा, हे दोन रुळलेले मार्ग आहेत. आता त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच बेलिमुमॅब किंवा टॅक्रोलिमस-व्होक्लोस्पोरिन यांपैकी एक औषध देण्याकडे कल आहे. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवावा आणि त्यासाठी शक्यतो प्रथिनांची गळतीही कमी करणारी औषधे निवडावीत. प्रगती आकड्यांत मोजावी: तीन महिन्यांत प्रथिने किमान २५ टक्क्यांनी, सहा महिन्यांत ५० टक्क्यांनी घटावीत आणि वर्षभरात गुणोत्तर ०.५ ते ०.७ च्या खाली यावे. सुरुवातीची गळती फार मोठी असेल तर आणखी सहा ते बारा महिने लागू शकतात, म्हणून उतार चालू असताना घाईने औषध बदलू नये.

बेलिमुमॅबला अमेरिकेत २०११ साली मंजुरी मिळाली. पन्नासहून अधिक वर्षांत खास ल्युपससाठी मंजूर झालेले ते पहिले नवे औषध होते. इंटरफेरॉनचा मार्ग अडवणारे अॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये आले आणि त्वचेच्या चिवट ल्युपसमध्ये त्याचा गुण विशेष दिसतो. रिटक्सिमॅब इतर औषधे फसल्यावर वापरतात. रुग्णाच्याच टी पेशींत बदल करून त्या परत देण्याच्या कार-टी उपचाराचे २०२२ साली जर्मनीतील एर्लांगेन येथून पाच रुग्णांमधले आश्चर्यकारक निकाल कळवले गेले, पण तो अद्याप चाचण्यांतलाच उपचार आहे.

ताप आला तर

उपचार चालू असलेल्या रुग्णाला ताप आला की ‘ल्युपस उसळला’ असे म्हणून स्टेरॉइड वाढवण्याची घाई होते. आधी संसर्ग शोधावा. ल्युपसच्या उद्रेकात ईएसआर चढतो पण सीआरपी बहुधा फारसा चढत नाही. सीआरपी खूप वाढलेला आणि फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला दाह नाही, तर संसर्गाचा संशय अधिक पक्का धरावा. उलट पांढऱ्या पेशी घटणे, सी३-सी४ उतरणे आणि डीएसडीएनए चढणे ही उद्रेकाची बाजू. को-ट्रायमॉक्साझोलसारख्या सल्फा औषधांनी ल्युपसच्या रुग्णांत अॅलर्जी आणि उद्रेक जास्त प्रमाणात होतात, म्हणून प्रतिजैविक लिहून घेताना आजाराचे नाव सांगावे. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी आजार शांत असताना घ्याव्यात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळाव्यात.

दम लागणे, फिट, असंबद्ध बोलणे, एका पायाची अचानक सूज, चेहरा किंवा हात लुळा पडणे, लघवी कमी होऊन अंगावर सूज चढणे, त्वचेखाली लाल ठिपके उमटणे, किंवा कडक औषधांवर असताना ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची तारीख पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गर्भधारणा

ल्युपस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होऊ शकते. फक्त ते ठरवून व्हावे लागते. आजार किमान सहा महिने शांत असावा. मायकोफेनोलेट गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान सहा आठवडे थांबवावे, मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी, आणि त्यांची जागा अॅझाथायोप्रिन किंवा टॅक्रोलिमसने घ्यावी, म्हणजे बदललेल्या औषधावर आजार शांत राहतो का ते आधीच पाहता येते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन थांबवू नये. गर्भ राहिल्यावर घाबरून ते बंद केल्यानेच उद्रेक ओढवतो. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढणे, टाळण्यासाठी कमी मात्रेतील अॅस्पिरिन सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू करतात. आरओ प्रतिपिंडे असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका सुमारे २ टक्के असतो, म्हणून १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची तपासणी करतात. मूल नको असेल तेव्हा, आजार सक्रिय किंवा अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे सकारात्मक असल्यास, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळून तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनवर आधारित साधने वापरावीत.

औषधे कमी करताना

आजार शांत झाला म्हणजे काय, याची २०२१ मधील एक सर्वमान्य व्याख्या अशी: लक्षणांचा गुणांक शून्य, डॉक्टरांच्या एकूण मूल्यमापनात आजार जवळजवळ नसल्यासारखा आणि प्रेडनिसोलोन दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा कमी. थकवा या व्याख्येत नाही, आणि ते योग्यच आहे. आजार पूर्ण शमल्यावरही थकवा उरू शकतो. त्याची कारणे थायरॉइड, रक्तक्षय, झोप, नैराश्य, फायब्रोमायल्जिया यांत शोधावीत, त्यासाठी स्टेरॉइड वाढवू नये.

शांतता टिकली की प्रथम स्टेरॉइड उतरवावे, तेही ५ मिलिग्रॅमच्या खाली फार सावकाश, महिन्याला १ मिलिग्रॅम अशा चालीने. त्यानंतर मायकोफेनोलेट किंवा अॅझाथायोप्रिनची पाळी. मूत्रपिंडदाह झालेल्यांनी ती किमान तीन वर्षे तरी चालू ठेवावीत. एका वेळी एकच औषध कमी करावे, नाहीतर उद्रेक कोणत्या बदलामुळे झाला ते कळत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शेवटपर्यंत चालू ठेवायचे असते. आणि औषधांची यादी एका गोळीवर आली तरी दर तीन महिन्यांनी रक्तदाब, रक्तपेशी, सी३-सी४ आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्यायचा, आलेला आकडा तारखेसह त्याच जुन्या कागदावर लिहायचा.